स्तनकर्करोगाविषयी लोकजागृती : भाषा, संकोच आणि शिक्षकाची भूमिका
(सुपा-जोयडा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

समाजाचे शिक्षण आणि समाजाचे आरोग्य या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. आपल्या शैक्षणिक संस्थांची स्थापना झाली तेव्हा मुलींना वाचता-लिहिता यावे हे पहिले उद्दिष्ट होते. आज मुली पदवीपर्यंत शिकत आहेत. परंतु शिकलेल्या मुलीला घरातील आजार वेळेवर ओळखता येत नसेल, किंवा ओळखूनही त्याचा उच्चार करता येत नसेल, तर ते शिक्षण अपुरे आहे असेच म्हणावे लागेल.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग या लेखामागे आहे. पदवीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी रजा मागण्यासाठी प्रस्तुत लेखिकेकडे आली. अम्मीला हुबळीला न्यायचे आहे असे ती म्हणाली. काय होते आहे असे विचारल्यावर उत्तर आले, "मॅडम, तिथं गाठ आहे." तिथं म्हणजे कुठे, या प्रश्नावर तिने काही न बोलता ओढणी सावरली. अधिक चौकशी केली तेव्हा कळले की अम्मीला ती गाठ मागच्या रमजानमध्येच हाताला लागली होती. दुखत नव्हती म्हणून कोणाला सांगितले नाही. पुढे दुसरा रमजान येऊन गेला. निदान झाले तेव्हा आजार काखेतील गाठींपर्यंत पोहोचला होता. उपचार झाले, पण ते लांबले आणि अधिक कठीण झाले.

त्या घरात वाचता येणारी माणसे होती, रेडिओ-दूरदर्शन होते, मोबाइलही होता. नव्हता तो एक शब्द, जो आईने मुलीला आणि मुलीने बापाला संकोच न करता सांगावा. स्तनकर्करोगाविषयीची जागृती म्हणजे काय, ती कशाने होते आणि महाविद्यालयीन शिक्षकाला त्यात काय करता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

विषयाचे महत्त्व

जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८,००० स्त्रियांचा या रोगाने मृत्यू झाला. दररोज सरासरी २६९ मृत्यू असा याचा अर्थ होतो. भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत आज हा पहिल्या क्रमांकावर आहे.

यापेक्षाही विचार करण्यासारखी बाब पुढे आहे. निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण श्रीमंत देशांत ९० टक्क्यांहून अधिक आहे, तर भारतात ते ६६ टक्के आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोग तोच आहे आणि बरीचशी औषधेही तीच आहेत. फरक पडतो तो मुख्यतः रुग्ण कोणत्या टप्प्यावर दवाखान्यात पोहोचते आणि उपचार पूर्ण करते की नाही यामुळे. पहिल्या टप्प्यात गाठ लहान असते व स्तनापुरती मर्यादित असते. चौथ्या टप्प्यात रोग हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या अवयवांत गेलेला असतो.

म्हणूनच या संघटनेने २०२३ साली सर्व देशांपुढे तीन उद्दिष्टे ठेवली. किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यात व्हावे. रुग्ण प्रथम दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे. आणि किमान ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. यांपैकी पहिले उद्दिष्ट रुग्णालयाच्या दारात साध्य होत नाही. ते घरात, शेजारात आणि वर्गात साध्य होते.

सुपा परिसराची पार्श्वभूमी

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुपा हे मूळ गाव काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयाखाली गेले. १९८७ साली हे धरण पूर्ण झाले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगरात वसली. तालुका क्षेत्रफळाने मोठा, पण वस्ती विरळ. बराचसा भाग जंगलाचा, त्यात काळी व्याघ्र प्रकल्प. एका वाडीपासून दुसऱ्या वाडीपर्यंत घाट, ओढे आणि पावसाळ्यातील चिखल.

कर्करोगावरील उपचारासाठी येथील माणसाला हुबळी-धारवाड, बेळगाव, कारवार किंवा अनमोड घाट उतरून गोव्यातील बांबोळी यांपैकी कोणत्या तरी दिशेने जावे लागते. हुबळीच्या नवनगर भागात कर्करोगासाठीची स्वतंत्र संस्थाही आहे. परंतु आडवाडीतून तेथे जायचे म्हणजे एक दिवस कामाचा जातो, सोबत एक माणूस लागतो आणि घरी चूल सांभाळायला दुसरे कोणी लागते. आजारी स्त्री घरातील कर्ती असेल तर हा हिशेब ती स्वतःच मनात करते आणि पुढच्या महिन्यावर ढकलते.

अंतराच्या जोडीला भाषेचीही अडचण आहे. या तालुक्यात कुणब्यांच्या घरी कोकणी, अनेक घरांत मराठी, मुस्लिम घरांत दखनी उर्दू आणि शाळेत व कचेरीत कन्नड बोलली जाते. आरोग्य केंद्रातील फलक एका भाषेत, घरातले बोलणे दुसऱ्या भाषेत आणि शहरातील डॉक्टरांचे प्रश्न कदाचित तिसऱ्या भाषेत. एवढ्या वळणांनंतर "गाठ केव्हापासून आहे?" या साध्या प्रश्नाचेही उत्तर वाटेत हरवते.

शब्दांची अडचण

भाषेचा अध्यापक म्हणून या मुद्द्याकडे थोडे अधिक लक्ष वेधावेसे वाटते. उर्दूत कर्करोगाला 'सरतान' म्हणतात. हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ खेकडा. मराठीतील 'कर्क' म्हणजेही खेकडा, आणि 'कॅन्सर' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक व लॅटिन भाषांतील खेकडाच आहे. गाठीभोवती फुगलेल्या शिरा प्राचीन वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, असे सांगितले जाते. म्हणजे आपल्या सर्व भाषांनी या रोगाचे नाव ठेवले ते त्याच्या वाढलेल्या अवस्थेवरून. सुरुवातीच्या अवस्थेत ना शिरा दिसतात ना वेदना होतात. वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ एवढेच चिन्ह असू शकते. 'सरतान' म्हटल्यावर जे भयंकर चित्र मनात येते ते या वाटाण्याशी जुळत नाही, म्हणून बाई निर्धास्त राहते.

दुसरी अडचण अवयवाच्या नावाची आहे. 'स्तन' हा शब्द मराठीत पुस्तकी, 'पिस्तान' हा उर्दूत त्याहून पुस्तकी. घरात दोन्ही उच्चारले जात नाहीत. 'छाती' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात हृदय, दमा वा खोकला येतो. बाळंतपणानंतर गाठ आली तर 'दुधाची गाठ' म्हणून ती सोडून दिली जाते. उरतो तो 'तिथं' हा एकच शब्द, आणि त्याने डॉक्टरलाही काही कळत नाही.

हा संकोच केवळ आपल्या समाजाचा किंवा खेड्याचा आहे असे समजू नये. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इराणच्या अतोसा राणीची हकीकत नोंदवली आहे. बादशहा सायरसची मुलगी आणि दारियसची पत्नी असलेल्या या राणीच्या स्तनावर गाठ आली. लहान होती तोवर तिने लाजेपोटी ती लपवली. ती फुटून पसरू लागली तेव्हा कुठे तिने ग्रीक वैद्य डेमोसिडीजला बोलावले. ती गाठ कोणत्या रोगाची होती हे आज सांगता येणार नाही, परंतु अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातील राणी आणि जोयड्याच्या वाडीवरील आई यांचे मौन एकाच जातीचे होते.

लक्षणे : काय लक्षात ठेवावे

पुढील बदलांपैकी एकही आढळला तर स्त्रीने तपासणीसाठी जावे.

१. स्तनात किंवा काखेत नवीन गाठ अथवा घट्टपणा, दुखत असो वा नसो.
२. एका स्तनाच्या आकारात नव्याने झालेला बदल.
३. त्वचेवर खळी पडणे, किंवा त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे.
४. बोंड आत ओढले जाणे, पूर्वी तसे नसताना.
५. बोंडातून रक्त किंवा रक्तमिश्रित पाणी येणे.
६. बोंडावर वा भोवती बरी न होणारी जखम किंवा खपली.

येथे दोन गोष्टी एकत्र सांगणे आवश्यक आहे. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरीही कोणती गाठ कसली आहे हे हाताने वा अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने घेतलेला लहानसा तुकडा तपासणे, या तीन पायऱ्या आहेत. पहिली गोष्ट सांगितली नाही तर स्त्री घाबरून लपते, आणि दुसरी सांगितली नाही तर निश्चिंत होऊन थांबते.

अनुभव काय सांगतो : शांघाय, मुंबई, बार्शी

जागृतीचे काम करताना उत्साहाबरोबर पुरावाही पाहावा. पूर्वी आपण सर्व जण 'दर महिन्याला स्वतःची तपासणी करा' असे ठरावीक पद्धतीने शिकवत होतो. चीनमधील शांघाय शहरात कापड गिरण्यांतील २,६६,०६४ कामगार स्त्रियांवर या पद्धतीची मोठी चाचणी झाली. तिचे अंतिम निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. स्वपरीक्षण शिकवलेल्या गटात १३५ आणि न शिकवलेल्या गटात १३१ मृत्यू झाले. म्हणजे काहीच फरक पडला नाही. उलट शिकवलेल्या गटात साध्या गाठींसाठी अधिक स्त्रियांना तुकडा तपासण्याच्या प्रक्रियेतून जावे लागले. म्हणून आता महिन्याच्या ठरावीक कवायतीपेक्षा स्त्रीने आपले शरीर नेहमी कसे असते हे ओळखावे आणि बदल दिसताच जावे, यावर भर दिला जातो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये गरीब वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. या सेविका डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया होत्या. उरलेल्या वस्त्यांत कर्करोगाविषयी एकदा माहिती देण्यात आली आणि पुढे घरोघरी जाऊन नोंद ठेवली गेली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटातील रुग्णांपैकी ३७ टक्के रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडल्या, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ४७ टक्के होते. पन्नास वर्षांवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

या चाचणीतून शिक्षकाने दोन धडे घ्यावेत. एक, केवळ एकदा भाषण देऊन काम संपत नाही, भाषणानंतर प्रशिक्षित हाताची तपासणी हवी. दोन, तो प्रशिक्षित हात मोठ्या रुग्णालयाचाच असला पाहिजे असे नाही. दहावी शिकलेली, वस्तीत ओळखीची असलेली स्त्री हे काम करू शकते.

तिसरा अनुभव सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा आहे. तेथे १९८७ मध्ये बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठी भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातील रुग्ण दवाखान्यात येतच नाहीत, म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊ लागले. माणसांत बसून लक्षणे समजावू लागले आणि संशयित रुग्णाला तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त करू लागले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्याचे दिसून आले. तो रोग वेगळा आहे, पण संकोच तोच आहे. संकोच मोडला तो छापील पत्रकाने नव्हे, वारंवार येणाऱ्या ओळखीच्या माणसाने.

काही गैरसमज

'घरात कोणालाच नव्हता, मला कसा होईल?' हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. आनुवंशिक कारणाने होणाऱ्या स्तनकर्करोगाचे प्रमाण सुमारे ५ ते १० टक्केच आहे. बहुतेक रुग्णांच्या कुटुंबात हा रोग आधी झालेला नसतो. 'सुई लावली की रोग पसरतो' या भीतीने अनेक जणी तपासणी टाळतात. तिला आधार नाही. रोग पसरतो तो वाया गेलेल्या महिन्यांमुळे. हा रोग संसर्गजन्य नाही, रुग्णाच्या ताटात जेवल्याने तो होत नाही, ही गोष्टही घरच्यांना स्पष्ट सांगावी. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण अर्धा ते एक टक्का असते.

पडद्याचा प्रश्न आपल्या समाजात आदराने हाताळला पाहिजे. उपचाराच्या गरजेसाठी वैद्यापुढे शरीराचा आवश्यक तेवढा भाग उघडण्यास फिकहमध्ये सवलत आहे आणि शक्य असेल तेथे स्त्री वैद्याला प्राधान्य द्यावे असे सांगितले आहे. आजारावर इलाज करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध मानलेले नाही. ही गोष्ट स्थानिक आलिमांच्या तोंडून जुम्याच्या बयानात किंवा स्त्रियांच्या इज्तिमात सांगितली गेली तर तिचे वजन आपल्या दहा व्याख्यानांपेक्षा अधिक पडेल.

महाविद्यालय काय करू शकते

शासनाने २०१६ साली ठरवलेल्या धोरणानुसार ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकेकडून व्हावयाची आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन जो तक्ता भरते त्यात स्तनातील गाठ, बोंडातून रक्त आणि आकारातील बदल यांविषयी प्रश्न असतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या केवळ ०.९ टक्का भारतीय स्त्रियांनी स्तनांची तपासणी कधी तरी करून घेतल्याचे सांगितले. शेजारच्या गोव्याने २०२१ पासून 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' या नावाने आरोग्य केंद्रांतून तपासणीची मोहीम चालवली. म्हणजे सोय थोडीफार आहे. सोय आणि स्त्री यांच्यामधील शेवटचे पाऊल राहिले आहे. तेथे शिक्षक पुढील कामे करू शकतो.

पहिले काम शब्दांचे. उर्दू, मराठी, कन्नड व कोकणी जाणणाऱ्या विद्यार्थिनींनी आपल्या आई-आजीला विचारून या अवयवासाठी व लक्षणांसाठी घरात सहज बोलता येतील असे शब्द गोळा करावेत. वर सांगितलेली सहा लक्षणे त्या शब्दांत एका पानावर लिहावीत, डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत आणि प्रत्येक मुलीने ते पान घरी वाचून दाखवावे. भाषा विभागाच्या प्रकल्पासाठी याहून उपयुक्त विषय सापडणे कठीण आहे. यातून खरी साध्य होणारी गोष्ट म्हणजे आई आणि मुलगी यांच्यात तो शब्द एकदा उच्चारला जातो.

दुसरे काम भेटीचे. पालकसभेच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला विनंती करून आरोग्यसेविकेला बोलवावे. बंद खोली, पडदा आणि फक्त स्त्रिया, एवढी व्यवस्था महाविद्यालय सहज करू शकते. सभा आणि तपासणी एकाच दिवशी ठेवावी, कारण वाडीवरून दुसऱ्यांदा येणे होत नाही.

तिसरे काम सोबतीचे. तपासणीत पुढे जाण्यास सांगितलेल्या स्त्रीबरोबर कोण जाणार, आधार कार्ड, शिधापत्रिका व आयुष्मान कार्ड तयार आहे का, याची विचारपूस एखाद्या प्राध्यापिकेने करावी. पात्र शिधापत्रिकाधारक कुटुंबाला आयुष्मान योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, ही माहिती अनेक घरांत वेळेवर पोहोचत नाही. किरणोपचार काही आठवडे जवळजवळ रोज घ्यावे लागतात. त्या काळात शहरात राहण्याची सोय कोणाच्या ओळखीने होईल हेही पाहावे. उपचार अर्धवट सुटतात ते पुष्कळदा या कारणाने.

चौथे काम पुरुषांशी बोलण्याचे. गाडीभाडे कोण देणार आणि कोणत्या दिवशी जायचे हे बहुतेक घरांत मुलगा किंवा नवरा ठरवतो. मुलांच्या वर्गातही हा विषय गांभीर्याने, हशा होऊ न देता मांडावा. "आईला कधी कुठे गाठ लागली तर त्याच आठवड्यात घेऊन जाईन" एवढे वाक्य मुलांच्या मनात राहिले तरी पुरे.

एक मर्यादा मात्र पाळावी. शिक्षकाने निदान करू नये, "काही नसेल" असा धीरही देऊ नये. विद्यार्थिनीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट अध्यापक कक्षात चर्चेचा विषय होऊ देऊ नये. एकदा विश्वास गेला की पुढची मुलगी बोलणार नाही.

समारोप

स्तनकर्करोगाविषयीची जागृती ऑक्टोबर महिन्यातील गुलाबी फिती आणि फेरीपुरती राहू नये. हाताला गाठ लागल्यापासून डॉक्टरांच्या दारापर्यंत जाण्यास जे दिवस लागतात ते कमी करणे, एवढाच तिचा अर्थ आहे. मुंबई आणि बार्शीने दाखवून दिले की हे काम मोठ्या यंत्रांवाचून, ओळखीच्या माणसांकरवी सुरू होऊ शकते. जोयड्यासारख्या विरळ वस्तीच्या तालुक्यात जवळजवळ प्रत्येक वाडीवर पोहोचणारी जी मोजकी माणसे आहेत, त्यांत आपले विद्यार्थी आहेत. संध्याकाळच्या बसने ते घरी परततात. त्यांच्या वहीत ते एक पान जावे.

प्रारंभी उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीने नंतर आपल्या दोन्ही खालांना स्वतः आरोग्य केंद्रात नेले. सेविकेने काय झाले असे विचारले तेव्हा तिने 'तिथं' हा शब्द वापरला नाही. दोघींनाही काही निघाले नाही.